बँड सोडल्यानंतरचा पहिला अल्बम कसा ऐकावा? – झेन मलिक, ‘माइंड ऑफ माइन’

विश्रामबागकर (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. सांगलीत आमचा आठ-दहा जणांचा एक श्रवणगट आहे. महिन्यातील एका रविवारी आम्ही कुणा एकाच्या घरी जमतो, एक संपूर्ण अल्बम मध्ये न बोलता आणि एकही गाणे न वगळता ऐकतो आणि मग चहाबरोबर त्यावर यथेच्छ वाद घालतो. पुढच्या महिन्यात निवडीची पाळी माझी असून मी झेन मलिकचा ‘माइंड ऑफ माइन’ निवडला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ‘द एक्स फॅक्टर’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी स्पर्धेत २०१० साली पाच स्वतंत्र स्पर्धकांना एकत्र आणून ‘वन डायरेक्शन’ हा बँड तयार करण्यात आला. ऐन जागतिक दौरा चालू असताना, २५ मार्च २०१५ रोजी, झेन त्यातून बाहेर पडला आणि बरोबर एका वर्षाने, २५ मार्च २०१६ रोजी, त्याचा हा पहिला स्वतंत्र अल्बम प्रसिद्ध झाला. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या विक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

मी निवड जाहीर करताच आमच्यातील एका ज्येष्ठ काकांनी आक्षेप घेतला. त्यांच्या मते असे अल्बम म्हणजे जुन्या बिऱ्हाडावरचा राग असतो आणि ते बिऱ्हाड ज्याने पाहिलेले नाही त्याला त्या रागात रस वाटण्याचे काही कारण नाही. मला हे पटले नाही, परंतु त्या वेळी उत्तरही सुचले नाही. बँडचा संदर्भ बाजूला ठेवून असा अल्बम ऐकता येतो का? आणि आधी बँडचे काही ऐकवायचे झाल्यास नेमके काय ऐकवावे?

कृष्णाकाठ

काकांचा आक्षेप अगदीच गैरलागू नाही, मात्र त्यांनी रागावर बोट ठेवले आहे आणि माझ्या मते बोट गळ्यावर ठेवायला हवे होते. पाच जणांच्या पॉप बँडमध्ये साडेतीन मिनिटांच्या गाण्याची वाटणी कशी होते ते पाहा. पहिले कडवे एकाचे, त्यातील शेवटच्या दोन ओळी दुसऱ्याच्या, ध्रुवपद सर्वांचे, आणि गाणे शिगेला पोहोचते तेव्हाची उंच जागा ज्याला झेपते त्याची. ‘वन डायरेक्शन’मध्ये ती उंच जागा बहुधा झेनच्या वाट्याला येई. म्हणजे श्रोत्यांनी त्याला पाच वर्षे ऐकले ते तुकड्यातुकड्यांनी, जेवणात लोणचे वाढावे तसे. अशा गायकाने पाऊण तासाच्या आसपास एकट्याने गायचे ठरवले की पहिला प्रश्न असा उभा राहतो, की हा आवाज साध्या, खालच्या पट्टीतल्या, काहीच न घडणाऱ्या ओळींमध्येही कानाला धरून ठेवतो का.

बँड सोडल्यावर त्याच वर्षी दिलेल्या एका मुलाखतीत झेनने सांगितले होते, की एखादी ओळ त्याने थोडी आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी गायनशैलीच्या) अंगाने, थोडी स्वतःच्या पद्धतीने म्हटली, तर ती सरळ पॉप वळणाची होईपर्यंत पन्नास वेळा पुन्हा ध्वनिमुद्रित केली जाई. हे विधान लक्षात ठेवून अल्बम लावा. ज्या हरकती आणि ज्या ओढून घेतलेल्या अक्षरांना तिथे कात्री लागत होती, त्यांचाच इथे मुख्य माल झाला आहे. ‘इट्स यू’मध्ये तो बराच वेळ फॉल्सेटोमध्ये, म्हणजे आपल्याकडचे जाणकार नाक मुरडून ज्याला खोटा आवाज म्हणतात त्यात, गातो, आणि त्या पातळ आवाजाखाली वाद्ये मुद्दाम विरळ ठेवलेली आहेत. निर्मात्यांमध्ये मले हे नाव महत्त्वाचे आहे, कारण फ्रँक ओशन या अमेरिकी गायकाच्या २०१२ सालच्या ‘चॅनल ऑरेंज’ या अल्बमवरही त्यानेच काम केले होते आणि आवाजाभोवती मोकळी जागा ठेवण्याची ती सवय इथे जागोजागी जाणवते.

मला सर्वांत रोचक वाटते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. हेडफोन लावून ध्रुवपदे ऐका. मागे साथीला जे आवाज येतात त्यांत बहुतेक वेळा झेनच असतो, एकावर एक थर चढवलेला. चार साथीदारांची रिकामी जागा त्याने कुणा परक्याला न देता स्वतःच्याच आवाजाने भरून काढली आहे. प्रमुख पाहुणी गायिका म्हणावी अशी एकच आहे, ‘राँग’ या गाण्यातील केहलानी.

अल्बमच्या मध्यावर पावणेदोन मिनिटांचा ‘इंटरमिशन: फ्लॉवर’ हा उर्दू तुकडा येतो. झेनचे वडील पाकिस्तानी वंशाचे आहेत आणि तो स्वतः इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचा. पाच जणांच्या बँडमध्ये या तुकड्याला जागा कुठून मिळणार होती? तो ऐकताना आपल्या बाजूच्या श्रोत्याला एखाद्या कव्वालीची सुरुवात आठवेल आणि ती पुढे न सरकताच संपल्याची चुटपुटही लागेल. दोष सांगायचा तर उत्तरार्धातील गाणी लयीने एकमेकांच्या फार जवळची आहेत. मूळ आवृत्तीत चौदा गाणी आहेत. अकरा पुरेशी होती. विस्तारित आवृत्तीतील अठरा तर तुमच्या बैठकीला लावूच नका, चहा गार होईल.

मिरजकर

आपल्या भागातील वाचकाला हा विषय परका वाटायला नको. मंडळी सोडणे हा प्रकार संगीत नाटकवाल्यांनी पॉप गायकांच्या कितीतरी आधी केलेला आहे. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्वांची शकुंतला प्रथम रंगमंचावर आली ती आमच्या मिरजेत, आणि १९१३ साली त्यांनी ती मंडळी सोडून गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी उभी केली. पुढे १९१८ साली मास्टर दीनानाथही किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, जिचा शेवटचा काळ सांगलीशी जोडलेला आहे. त्या काळातही प्रेक्षक हाच प्रश्न विचारत असणार, की हा गळा जुन्या मंडळीच्या पडद्याबाहेर तितकाच शोभेल का.

यात एक फरक आहे आणि तो तुमच्या चर्चेत यावा असे मला वाटते. आपल्याकडे मंडळी सोडणारा नट लगेच दुसरी मंडळी काढत असे. पेटीवाला, तबलजी, आचारी, पडदे रंगवणारा, सगळ्यांचे पोट त्याच्या गळ्यावर चाले आणि कर्जही त्याच्याच डोक्यावर बसे. झेनने बाहेर पडताना दिलेले कारण याच्या नेमके उलट होते. प्रसिद्धीच्या झोतापासून दूर, बावीस वर्षांच्या सामान्य मुलासारखा निवांत खासगी वेळ मिळावा, असे त्याने म्हटले होते. माणसांतून उठून एकांतात गेलेल्या गायकाचा हा अल्बम आहे आणि तो तसाच, दार लावून घेतलेल्या खोलीत गायल्यासारखा वाटतो. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी चिंचेच्या झाडाखाली गाणारा गायक समोरच्या माणसाकडे पाहून जागा घेतो. इथे समोर माणूसच नाही. ही तक्रार समजा अथवा वर्णन समजा.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (सातारा)

मिरजकरांची तुलना सुरेख आहे, परंतु ‘एकांत’ हा शब्द मला थोडा जास्त उदार वाटतो. ‘वन डायरेक्शन’चे ध्वनिमुद्रण ‘सायको’ या कंपनीसाठी होत होते, जी सोनीच्या छत्राखाली होती, आणि जुलै २०१५ मध्ये झेनने करार केला तो ‘आरसीए’शी, तीही सोनीचीच. खोली बदलली, वाडा तोच राहिला. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या करारांत अनेकदा असे कलमच असते, की सदस्य बँडमधून बाहेर पडला तरी त्याच्या स्वतंत्र कामावर पहिला हक्क कंपनीचा राहील. त्यामुळे बंडखोरी आणि बाजार हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडले जातात, हे काकांना अवश्य सांगा.

दुसरे असे, की पहिल्याच आठवड्यातील पहिल्या क्रमांकाला फार किंमत देऊ नये, कारण तो बराचसा जुन्या बँडच्या चाहत्यांनी बरोबर दिलेला आहेर असतो. रॉबी विल्यम्स हा गायक जुलै १९९५ मध्ये ‘टेक दॅट’ या ब्रिटिश पॉप बँडमधून बाहेर पडला. त्याचा पहिला अल्बम ‘लाइफ थ्रू अ लेन्स’ सप्टेंबर १९९७ मध्ये आला, सुरुवातीला पहिल्या दहांतही पोहोचला नाही आणि आता हा गायक संपला असे वाटू लागले. त्या डिसेंबरमध्ये ‘एंजल्स’ हे गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले, लोकांनी उचलून धरले, आणि तोच अल्बम १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तिथे श्रोते गाण्यामुळे आले. झेनच्या बाबतीत श्रोते आधीच दारात उभे होते, आणि २०१८ च्या अखेरीस त्याचा सत्तावीस गाण्यांचा दुसरा अल्बम ‘इकॅरस फॉल्स’ आला तेव्हा दोन्ही देशांत तो पहिल्या पन्नासांतही दिसला नाही.

जॉर्ज मायकेलची गोष्ट मी या रांगेत बसवणार नाही. १९८६ साली त्याचा ‘व्हॅम!’ हा दोघांचा बँड संपला आणि १९८७ साली ‘फेथ’ हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला हे खरे, पण ‘व्हॅम!’ची बहुतेक गाणी तोच लिहीत होता, त्यामुळे त्याला स्वतःचा आवाज शोधण्याची नव्हे, फक्त पाटीवरचे नाव बदलण्याची गरज होती.

झेनविषयी माझी खरी खंत अल्बमबाहेरची आहे. जून २०१६ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरील कार्यक्रमातून त्याने तीव्र चिंतेचे कारण प्रांजळपणे सांगून माघार घेतली आणि स्वतःचा पहिला दौरा त्याने केला तो थेट २०२४ मध्ये. यात त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु रंगमंचावर गाणी घासली जातात, नको असलेला भाग गळून पडतो आणि पुढच्या अल्बमला त्याचा उपयोग होतो. या चौदा गाण्यांना ते भाग्य आठ वर्षे लाभले नाही.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री कृष्णाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे हेडफोन लावून ऐकले आणि थरांवर थर चढवलेला तो आवाज पहिल्यांदाच वेगळा ओळखता आला. यापूर्वी मी अल्बम नेहमी गाडीत, पुलावरच्या रहदारीत ऐकला होता. सातारकरांचा कराराचा मुद्दा काकांच्या कानावर घातला, तर ते म्हणाले, “म्हणजे रागसुद्धा कंपनीच्याच खर्चाने.” त्यांचा विरोध मावळला आहे असे म्हणता येणार नाही, पण ते येणार आहेत. आता एवढेच सांगा, की आधी बँडचे कोणते गाणे लावू?

कृष्णाकाठ

एकच लावा, ‘यू अँड आय’, २०१३ च्या ‘मिडनाइट मेमरीज’मधले. त्यात उत्तरार्धात झेन जो लांबलचक उंच स्वर घेतो तो ‘वन डायरेक्शन’च्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. तो स्वर संपला की तिथेच थांबवा, काही न बोलता ‘माइंड ऑफ माइन’चे एक मिनिटही न भरणारे पहिले गाणे सुरू करा आणि काकांना फक्त एवढेच विचारा, की हा मुलगा आता वर का चढत नाही.