व्हिडिओ फाइल्सची टीव्हीवर चालणारी डीव्हीडी लवकर कशी करायची?

सांगलीकर
शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ११ एमपी४ फाइल्स आहेत. एकूण १३० मिनिटं, १९२० गुणिले १०८०, सेकंदाला २५ फ्रेम्स. त्यातल्या दोन मोबाइलवरच्या (३० फ्रेम्स), आणि त्यातली एक उभी. २५ डिस्क हव्यात, कारण बऱ्याच आजी-आजोबांकडे जुना डबा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर एवढंच आहे. विंडोजमधल्या 'बर्न टू डिस्क'मध्ये 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी' हा पर्याय घेऊन केलेली डिस्क लॅपटॉपवर चालते, प्लेअर मात्र ती घेतच नाही. दुसऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरने साडेचार तास घेतले आणि शेवटी 'जागा पुरत नाही' असं सांगितलं. वेळ वाचवायचा मार्ग काय?

खटपट्या
विंडोजचा तो पर्याय नाव काहीही सांगो, फाइल्स आहेत तशा डिस्कवर उतरवतो. ती डेटा डिस्क झाली. साध्या प्लेअरला डीव्हीडी-व्हिडिओ लागतो: चित्र एमपेग-२ (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत), पाल म्हणजे भारतातल्या टीव्ही पद्धतीत ७२० गुणिले ५७६ आणि २५ फ्रेम्स, आवाज एसी३ किंवा एमपी२ या प्रकारात, तोही ४८ किलोहर्ट्झचाच. हे सगळं 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये, व्हीओबी आणि आयएफओ फाइल्सच्या रूपात.

जागेचा हिशोब एन्कोड (व्हिडिओ या नव्या स्वरूपात बदलणं) सुरू करायच्या आधी करा. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, पण विंडोजच्या मोजणीत ते साधारण ४.३८ भरतं. सोपा आडाखा: ६०० भागिले मिनिटं, म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला किती मेगाबिट परवडतात ते. ६०० भागिले १३० म्हणजे ४.६. आवाजाला १९२ किलोबिट काढून ठेवले की चित्राला ४.४ मेगाबिट उरतात. एवढ्यात स्टेजचा कार्यक्रम छान दिसतो. तीन तासांच्या पुढे गेलात तर नाचात चौकोन दिसू लागतील. तेव्हा सरळ दोन डिस्क करा.

आता वेळेचं. बहुतेक ठिकाणी वेळ जातो तो एकच गोष्ट दोनदा एन्कोड केल्यामुळे: आधी कन्व्हर्टर एमपेग करतो, मग डिस्क तयार करणारं सॉफ्टवेअर तीच फाइल पुन्हा एन्कोड करतं. एन्कोड एकदाच करायचं.

एफएफएमपेग या फुकट, कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टार्गेट' या पर्यायापुढे 'पाल-डीव्हीडी' लिहिलं की आकार, फ्रेम्स, आवाज सगळं नियमात बसतं. पण तेवढ्यावर सोडू नका. त्याचा ठरलेला बिटरेट (दर सेकंदाला वापरलेले बिट) चित्राला ६००० आणि आवाजाला ४४८ किलोबिट आहे, म्हणजे तुमची १३० मिनिटं ६.३ जीबीच्या आसपास जातील. चित्राचा ४४००, आवाजाचा १९२ आणि कमाल ८००० असे आकडे स्वतः द्या. नियमाप्रमाणे चित्राला ९८०० पर्यंत मुभा आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर एवढा वेग आला की जुनी लेन्स अडखळते.

एक पासच (फाइलवरून एकच फेरी) पुरे. दोन पासना जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि ४४०० ला फरक डोळ्यांना फारसा कळत नाही. फाइल्स ११ आहेत, तर दोन-तीन एकाच वेळी चालवा. एमपेग-२ एन्कोडर एकटा प्रोसेसरचे सगळे कोअर क्वचितच भरतो. खालच्या ओळीत 'स्पीड' दिसतो तो बघत राहा. ५एक्स (चालायच्या वेळेच्या पाचपट वेग) असेल तर १३० मिनिटांचं काम २६ मिनिटांत संपेल.

मग तयार एमपेग फाइल्स डीव्हीडीस्टायलर या मेन्यूसकट डिस्क रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. प्रत्येक टायटलच्या (तिथे प्रत्येक व्हिडिओ एक टायटल होतो) प्रॉपर्टीजमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीकडे 'कॉपी' निवडा. हे राहिलं तर तो सगळं पुन्हा एन्कोड करत बसेल. 'कॉपी' असेल तर फक्त फाइल्सची हलवाहलव होते.

दिवेलागण
खटपट्या यांनी सांगितलेल्यात एक भर. डीव्हीडीस्टायलरमध्ये एक टायटल संपलं की प्लेअर मेन्यूवर परततो. ११ वेळा रिमोट दाबायला लावू नका. पहिल्या टायटलच्या पोस्ट कमांडमध्ये (टायटल संपल्यावर काय करायचं ती सूचना) 'जंप टायटल २', दुसऱ्याच्या ३, असं शेवटपर्यंत लावा. शेवटच्याला मेन्यू राहू दे. आणि थेट बर्न न करता आधी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) बनवा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ती उघडून सगळे जोड तपासा, मग त्याच आयएसओवरून २५ डिस्क काढा.

ज्यांच्या प्लेअरला यूएसबी आहे त्यांना पेनड्राइव्ह सुचवाल, पण जपून. प्लेअरवर 'डिव्हएक्स' (व्हिडिओचा एक जुना प्रकार) लिहिलं असलं तरी तो एच.२६४ ची, म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या प्रकारची, एमपी४ चालवेलच असं नाही. तीच तयार केलेली एमपेग-२ फाइल, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, जास्त भरवशाची.

सांगलीकर
'कॉपी'ने खरंच काम झालं, आयएसओ काही मिनिटांत तयार. पण तीन अडचणी उरल्या. उभी क्लिप आडवी फुगलेली दिसते. दुसऱ्या मोबाइल क्लिपचा आवाज शेवटी शेवटी ओठांच्या मागे पडतो. आणि डबा टीव्हीवर सगळीच माणसं उंच, बारीक दिसतात.

खटपट्या
उभी क्लिप: डीव्हीडीला चित्राचं प्रमाण ४:३ किंवा १६:९ एवढंच कळतं. 'स्केल' फिल्टरने तिची उंची १०८० करा, मग 'पॅड'ने १९२० गुणिले १०८० च्या काळ्या चौकटीत मधोमध बसवा, आणि त्यानंतरच डीव्हीडीच्या आकारात न्या.

आवाज: मोबाइल फ्रेम्स सारख्या अंतराने घेत नाही, उजेड कमी झाला की वेग बदलतो. एन्कोड करताना आवाजाला 'एरिसँपल' फिल्टर लावा आणि त्यात 'एसिंक' १ ठेवा. ३० फ्रेम्सचं २५ करताना कॅमेरा फिरतो तिथे थोडा झटका दिसेल. तो सोसा, दोन क्लिपसाठी एकाच डिस्कवर पाल आणि एनटीएससी (अमेरिकेतली, ३० फ्रेम्सच्या जवळची टीव्ही पद्धत) मिसळू नका.

उंच माणसं: इथे बहुधा तुमच्या फाइलचा दोष नाही. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप १६:९ असेल, तो '४:३ लेटरबॉक्स' करा. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, पण माणसं नीट दिसतील. 'पॅन स्कॅन' घेतलंत तर कडेची मुलं कापली जातील, आणि नेमक्या त्याच मुलांच्या आज्या डिस्क लावणार आहेत. डिस्कच्या पाकिटात या सेटिंगची चिठ्ठी घाला.

तबकडी
डिस्कबद्दल. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घ्या. आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) घेऊ नका, तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि जुनी लेन्स ती वाचायला नकार देते. लिहिण्याचा वेग ४एक्स किंवा ८एक्स. ४एक्सला भरलेली डिस्क साधारण १४ मिनिटं घेते. २५ डिस्कना जवळजवळ सहा तास, म्हणून चांगल्या डिस्क असतील तर ८एक्स चालेल. १६एक्सचा मोह टाळा, स्वस्त डिस्क बाहेरच्या कडेला, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी, अडकतात. पहिली डिस्क सगळ्यात जुन्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून बघा, मगच बाकीच्या काढा. वर कागदी लेबल चिकटवू नका, वजन एका बाजूला गेलं की डिस्क थरथरते. मार्करने लिहा.

दिवेलागण
मुलांची नावं खाली पट्टीत टाकणार असाल तर दोन गोष्टी. डबा टीव्ही चित्राच्या कडा खातो, म्हणून नावं चारही बाजूंनी दहा टक्के आत ठेवा. आणि एफएफएमपेगच्या 'सबटायटल्स' फिल्टरने देवनागरी टाकताना नावांची फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करून फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी द्या. आधी 'श्रद्धा', 'ज्ञानेश्वरी', 'कृष्णा' अशा नावांची दहा सेकंदांची चाचणी काढा. जोडाक्षरं सुटी दिसली तर तुमच्या एफएफएमपेगच्या बिल्डमध्ये (तयार मिळणाऱ्या आवृत्तीत) अक्षरजोडणीची सोय नाही. दुसरं बिल्ड घ्या.