मदत हवी आहे: शनिवारच्या गेमला सासऱ्यांना न्यायचंय, प्लीज लवकर सांगा

नोव्हायकर
मंडळी, शनिवारी गेम आहे, माझ्याकडे दोन तिकिटं आहेत, एक मी आणि एक सासरे. ते पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत आणि त्यांना न्यायचं हे ठरलंय, त्यात बदल नाही. अडलंय ते असं की पार्किंग कुठे करू, थंडीत त्यांना जमेल ना, आणि त्या जॅकेटचं काय करायचं. नेटवर सगळं वाचून झालं, तिथे सगळा सल्ला विशीतल्या पोरांसाठी आहे. कोणी वयस्कर माणसाला घेऊन गेलं असेल तर त्यांनी सांगा. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला सगळे आमच्याकडे जेवायला आहेत, त्यामुळे बुधवार रात्रीपर्यंत मला सगळं पक्कं करायचंय. आणि कृपया 'घरी टीव्हीवर बघा' असं कोणी लिहू नका.

पुणेरी_प्रश्न
कुठला गेम? कुठलं गाव? काहीच लिहिलेलं नाही. आणि कुठलं जॅकेट?

टोलेडोची_सून
आम्ही गेल्या वर्षी हॉर्सशूला, म्हणजे ओहायो स्टेटच्या कोलंबसमधल्या स्टेडियमला गेलो होतो. नदीच्या पलीकडे वेस्ट कॅम्पसला गाडी लावा आणि तिथून चालत या, स्टेडियमजवळ लावायचा प्रयत्नच करू नका, नंतर बाहेर पडता पडत नाही. सासऱ्यांना उतार-चढ फार लागणार नाही त्या बाजूने.

नोव्हायकर
थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार म्हटल्यावर एकच गेम असतो हो. मिशिगन-ओहायो स्टेट, दोन युनिव्हर्सिट्यांचा अमेरिकन फुटबॉलचा, दुपारी १२ ला. आणि यंदा, २०२५ ला, अ‍ॅन आर्बरला मिशिगनच्या स्टेडियममध्ये आहे, कोलंबसला नाही.

टोलेडोची_सून
अरे हो, विषम साल अ‍ॅन आर्बरला. मग पार्किंगचं माझं लिहिलेलं सोडून द्या.

जुना_वुल्व्हरिन
बरोबर माणसाला विचारलंत. मी १९९७ सालचा गेम स्टँडमध्ये उभा राहून बघितलाय, आमच्या चार्ल्स वुडसनने समोरच्यांनी लाथ मारून लांब पाठवलेला बॉल (पंट) पकडून ७८ यार्ड पळत शेवटच्या पट्ट्यात नेला (टचडाऊन) तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली होती. आम्ही मिशिगनवाले २०-१४ जिंकलो, त्या सीझनला एकही हार नाही. तर सासऱ्यांना नक्की न्या, हा अनुभव टीव्हीवर मिळत नाही. २०२१ ला बर्फ पडत होता, ४२-२७ जिंकलो आणि सगळी पोरं मैदानात उतरली. २०२२ ला त्यांच्या घरी जाऊन ४५-२३, २०२३ ला ३०-२४, गेल्या वर्षी १३-१०. लागोपाठ चार. यंदा पाचवा.

नोव्हायकर
काका, सगळं माहितीय, मी पण तिथूनच मास्टर्स केलंय. पार्किंग सांगा ना.

अस्सल_बकाय
चार चार काय करताय, राष्ट्रीय चॅम्पियन आत्ता कोण आहे ते पण सांगा की. गेल्या वर्षी तुमच्याशी हरून पण जानेवारीत अटलांटाच्या फायनलमध्ये नोत्र दामला ३४-२३ हरवलं ते आम्ही ओहायो स्टेटवाल्यांनी. यंदा ११-० आहोत, नंबर एक. आमच्या जेरेमाया स्मिथला एकटा पकडून दाखवा. आणि २०२३ ला तुमचा कोच का नव्हता साईडलाईनवर तेही लिहा, समोरच्यांचे सिग्नल चोरायचं प्रकरण होतं म्हणून हार्बॉ सस्पेंड होता.

जुना_वुल्व्हरिन
कोच नसताना पण जिंकलो, हेच तर म्हणतोय. आणि त्याच सीझनला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून चॅम्पियन झालो. तुमचा कोच रायन डे २०१९ ला जिंकला त्यानंतर मिशिगनसमोर एकदा तरी जिंकलाय का?

पुणेरी_प्रश्न
जॅकेटचं अजून कळलं नाही. सासऱ्यांचं वय किती? तब्येत? तिकिटं कुठल्या रांगेत आहेत? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

नोव्हायकर
वय ६९. चालतात व्यवस्थित, रोज सकाळी फिरतात, फक्त उजवा गुडघा जिने उतरताना दुखतो. तिकिटं रो १४, मैदानापासून जवळ आहेत म्हणून मुद्दाम घेतली. जॅकेट म्हणजे, माझी बायको ओहायो स्टेटची आहे, तिने बाबांसाठी आल्या आल्या जाड पफर जॅकेट घेतलं, ते लालभडक आहे आणि छातीवर मोठा ओ आहे. त्यांच्याकडे थंडीचं तेवढं एकच आहे. आमच्या सीट घरच्या, म्हणजे मिशिगनच्या चाहत्यांमध्ये आहेत.

कॅन्टनचा_केदार
आता खरी अडचण कळली. भावा, जॅकेट बाजूला ठेव, रो १४ हा प्रॉब्लेम आहे. ते स्टेडियम १९२७ साली जमिनीत खड्डा खणून बांधलंय, बाहेरून बघितलं तर १,०७,६०१ माणसं आत मावतील असं वाटतच नाही. तू रस्त्याच्या लेव्हलने आत शिरतोस आणि मग खाली उतरत जातोस. रो १४ म्हणजे भरपूर खाली. उतरताना गुडघा दुखतो म्हणतोस, आणि मधे बाथरूमला जायचं झालं तर परत सगळं वर. त्यात जिन्यावर माणसांची रांग, हातात कॉफी, बर्फ पडला तर पायऱ्या ओल्या. माझ्या वडिलांना मी एका साध्या सप्टेंबरच्या गेमला नेलं होतं तेव्हा सुद्धा ते हाफटाइमला वर आले ते परत खाली गेलेच नाहीत, कडेला उभं राहून उरलेला गेम बघितला.

दुसरं म्हणजे या गेमला कोणी बसत नाही. समोरचा उभा राहिला की मागच्याला उभं राहावंच लागतं, नाहीतर फक्त पाठी दिसतात. तर 'चार तास बसू शकतील का' हा प्रश्नच नाही, 'चार तास उभे राहू शकतील का' हा आहे.

नोव्हायकर
हे कोणीच कुठे लिहिलं नव्हतं. मग काय करू? तिकिटं विकून टाकू?

कॅन्टनचा_केदार
विकू नको, बदल. खालच्या रो ला मागणी जास्त असते, अ‍ॅपवरून ट्रान्सफर होतात, कोणाशी तरी वरच्या रांगांशी अदलाबदल कर. अगदी वरच्या रांगांमध्ये मागे कोणी नसतं, आणि खरं सांगू का, वरून खेळ जास्त चांगला कळतो, कोण कुठे पळतोय ते सगळं दिसतं. किंवा तिकीट ऑफिसला उद्या सकाळी फोन करून अ‍ॅक्सेसिबल सीटिंगचं विचार, त्या जागा वरच्या कडेला आहेत, पण या गेमला आयत्या वेळी मिळणं अवघड, म्हणून आधी अदलाबदलच बघ.

जुना_वुल्व्हरिन
वरून काय मजा? खाली बसलं की हेल्मेटचा आवाज ऐकू येतो. मैदानाच्या मधोमध तो निळा बॅनर धरतात, त्याखालून टीम पळत येते आणि प्रत्येक खेळाडू उडी मारून त्याला हात लावतो, ते जवळून बघायला हवं. मी तर म्हणतो रो १४ सोडू नका.

कॅन्टनचा_केदार
काका, तुमचं बरोबर आहे पण तुमच्या गुडघ्यांचं नाही चाललंय इथे.

प्लिमथची_मावशी
सासऱ्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स घेतलाय ना? तो आधी बघा. पडणं-झडणं झालं आणि इन्शुरन्स नसला तर इमर्जन्सीचं बिल बघून घाम फुटतो. आणि बीपीची गोळी सकाळी घेत असतील तर नाश्ता करूनच निघा, बारा वाजताचा गेम म्हणजे जेवणाची वेळ सगळी बोंबलते. मी तर म्हणेन घरीच बघा, शनिवारी आमच्याकडे या, मी साबुदाणा वडे करते.

नोव्हायकर
मावशी, इन्शुरन्स आहे. आणि घरी बघायचं नाही असं मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

पेठेतला_स्ट्रायकर
सासरे कुठले? फुटबॉल आवडतो का त्यांना?

नोव्हायकर
कोल्हापूरचे, मंगळवार पेठ. पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचे कट्टर. म्हणून तर न्यायचंय. ते आल्यापासून म्हणतायत की अमेरिकेत फुटबॉलला दम नाही, त्यांना एकदा दाखवायचंय.

पेठेतला_स्ट्रायकर
हे पहिल्यांदा सांगायचं की राव! मी शिवाजी तरुण मंडळाचा. पाटाकडील-शिवाजी सामना असला की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते, पेठेत आठवडाभर दुसरा विषय नसतो, एका घरात दोन तालमींची माणसं असली की जेवताना बोलत नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर ते बघितलंय त्याला उभं राहायची भीती घालू नका, ते उभेच राहणार. त्यांना फक्त नियम आधी समजावून सांगा, नाहीतर बॉल हातात बघून पहिल्या पाच मिनिटांत वैतागतील.

अस्सल_बकाय
हे मस्त आहे. काकांना एवढंच सांगा की चार चान्स मिळतात आणि त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की परत चार चान्स. तीन चान्समध्ये नाही जमलं तर चौथ्याला बहुतेक वेळा लाथ मारून बॉल लांब समोरच्यांना देऊन टाकतात, तोच पंट. शेवटच्या पट्ट्यात बॉल नेला की ६ गुण, वर किक मारून १, आणि लांबून पोलच्या मधून मारला तर ३. बाकी फ्लॅग, पेनल्टी वगैरे जाऊ दे, बघता बघता कळेल. आणि १९५० चं सांगा त्यांना, कोलंबसला हिमवादळात झालेला गेम, मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकदाही ते दहा यार्ड नाही जमले, एकही फर्स्ट डाऊन नाही, तरी ९-३ ने जिंकले. मी बकाय, म्हणजे ओहायो स्टेटवाला असून सांगतोय.

टोलेडोची_सून
अवांतर: हे भांडण फुटबॉलच्या आधीचं आहे. आमचं टोलेडो कोणाचं यावरून १८३५ ला दोन्हीकडून सैनिक गोळा झाले होते. शेवटी टोलेडो ओहायोला आणि मिशिगनला वरच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग. फुटबॉल त्यानंतर १८९७ ला सुरू झालं. आमच्या गावात आजही एका गल्लीत दोन्ही झेंडे दिसतात.

पुणेरी_प्रश्न
जॅकेटचं राहिलं. लाल घालून घरच्या चाहत्यांमध्ये बसणं सेफ आहे का? गेल्या वर्षी मारामारी झाली ना? पोलिसांनी पेपर स्प्रे मारल्याचे व्हिडिओ बघितले मी.

जुना_वुल्व्हरिन
ती मैदानावर, खेळाडूंची. मिशिगनच्या पोरांनी मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला त्यावरून.

अस्सल_बकाय
आमच्या मैदानात, आमच्या लोगोवर. झेंडा रोवायला कोणी सांगितलं होतं?

जुना_वुल्व्हरिन
जिंकल्यावर रोवला.

कॅन्टनचा_केदार
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा प्लीज.

जॅकेट: स्टँडमध्ये मी दरवर्षी लाल कपड्यातली माणसं बघतो, आजी-आजोबांना कोणी हात लावत नाही, फार तर चिडवतात, ओरडतात. पण काकांना इंग्लिशमधलं चिडवणं कळलं नाही तर ते बावरतील, म्हणून वरून काळा नाहीतर राखाडी मोठा पार्का घाल. लाल आत राहू दे, ऊब तर मिळते. बेंच अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, बर्फासारखे गार, त्यामुळे जाड सीट कुशन लागेलच, फक्त नेण्याआधी त्याचा साईज आणि पॉकेट बघ, गेटवर त्यावरून अडवतात. बॅग अजिबात नेऊ नकोस, नियम कडक आहेत, साईटवर नीट वाच. सगळ्यात महत्त्वाचं, पाय. गारठा खालच्या काँक्रीटमधून चढतो. घरात अ‍ॅमेझॉनचा खोका असेल तर एक जाड पुठ्ठा कापून पायाखाली टाक, त्यांच्या बुटात लोकरीचे मोजे आणि ती गरम होणारी पाकिटं टाक, पण एकदम चामडीला लागू देऊ नकोस. बूट अर्धा साईज मोठे हवेत, नाहीतर मोज्यांनी पाय आवळतात आणि जास्त गार पडतात. शनिवारी बर्फाचा अंदाज आहे, तापमान शून्याच्या आसपास.

पार्किंग: समोर पायोनियर हायस्कूल आणि युनिव्हर्सिटीचं गोल्फ कोर्स, दोन्हीकडे लावतात. या गेमला पहाटेपासून भरायला लागतं. गुडघ्यासाठी काकांना आधी स्टेडियम बुलेव्हार्डला उतरव आणि मग गाडी लाव, पण एकटं सोडू नकोस, सोबत कोणीतरी हवं. मेन स्ट्रीट स्टेडियमजवळ आधीच बंद होतो, तिकडून जायचा प्रयत्न करू नकोस. नोव्हायहून एरवी अर्धा तास, शनिवारी सकाळी आठला निघ.

प्लिमथची_मावशी
आठला निघणार तर उपाशी निघू नका. थालीपीठं करून फॉइलमध्ये द्या, गाडीतच खातील.

नोव्हायकर
केदार, खूप मदत झाली. ऑफिसातल्या एकाकडे अगदी वरच्या रांगेतली दोन होती, त्याला रो १४ पाहिजेच होतं, आज दुपारी अ‍ॅपवर अदलाबदल केली. राखाडी पार्का शेजाऱ्याकडून घेतला. बायको सोबत येऊन बाबांबरोबर उतरेल, मी गाडी लावून आलो की ती तिच्या मैत्रिणींकडे गेम बघायला जाईल. बाबांना चार चान्स, दहा यार्डचं सांगितलं, त्यांचा पहिला प्रश्न, 'मग चौथ्याला लाथ का मारायची, खेळायचं ना'. एकच राहिलं, फार गारठले तर हाफटाइमला गाडीत हीटर लावून बसून परत येता येईल का?

कॅन्टनचा_केदार
नाही, एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत. वरच्या कडेला स्टॉलपाशी वारा कमी लागतो, हाफटाइमला तिथे उभं राहून हॉट चॉकलेट घ्या. आणि काकांना सांग, चौथ्याला कधी कधी खेळतात.

पेठेतला_स्ट्रायकर
काका पाटाकडीलकडून कधी खेळले होते का, विचारून सांगा ना. आमचे वडील त्यांना ओळखत असतील.