गोविंद तळवलकर : अग्रलेख आणि ग्रंथ

प्रश्न (नवशिका वाचक)

नमस्कार. पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी गोविंद तळवलकर (१९२५–२०१७) यांच्या कारकिर्दीवर निबंध लिहीत आहे. १९६८ ते १९९६ या काळात ते 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते आणि संपादकपदावर असतानाच त्यांनी 'सत्तांतर'सारख्या खंडात्मक इतिहासग्रंथाचे काम हाती घेतले. वृत्तपत्राचा रोजचा व्याप सांभाळून असे लेखन त्यांना कसे जमले असावे? शिवाय यशवंतराव चव्हाण यांच्याशी असलेल्या त्यांच्या स्नेहाचा राजकीय लेखनावर कितपत परिणाम झाला, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद (माजी उपसंपादक)

अग्रलेख आणि ग्रंथ ही दोन वेगळी कामे मानली तरच हे कोडे पडते. तळवलकरांची घडण 'लोकसत्ता'त ह. रा. महाजनी यांच्या हाताखाली झाली. महाजनी रॉयवादी होते आणि तळवलकरांवरही मूलगामी मानवतावादी विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा ठसा होता. त्यामुळे आजच्या घटनेमागचा इतिहास आणि विचार शोधण्याची सवय त्यांना लागली असावी. ब्रिटिश सरकारने १९७० पासून १९४२ ते १९४७ या काळातील भारतातील सत्तांतराच्या कागदपत्रांचे बारा खंड प्रसिद्ध केले. एखाद्या संपादकाने त्यांवर दोन-चार लेख लिहून विषय संपवला असता; तळवलकरांनी त्यांतून 'सत्तांतर' हा ग्रंथ उभा केला. सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावरील त्यांचा ग्रंथही याच वृत्तीचा आहे. 'वाचता वाचता'मधील लेख पाहिले, तर त्यांचे वाचन किती दूरवर पसरले होते हे कळते. त्यांच्या अग्रलेखाला येणारी धार या वाचनाची होती, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (पुलोदचा साक्षीदार)

वरील प्रतिसादात दुसरा प्रश्न बाजूलाच राहिला. १९७८ साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळात फुटीनंतरच्या दोन्ही काँग्रेस (इंदिरा काँग्रेस आणि रेड्डी काँग्रेस) एकत्र होत्या आणि उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे यशवंतरावांवर उघड टीका करत होते. त्या सुमारास हे सरकार जावे हीच 'श्रींची इच्छा' आहे, अशा आशयाचा तळवलकरांचा अग्रलेख गाजला. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले, सरकार कोसळले आणि पवारांच्या नेतृत्वाखाली पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे) मंत्रिमंडळ आले. तळवलकर आणि यशवंतराव यांची जवळीक सर्वांना ठाऊक असल्यामुळे अनेकांनी तो अग्रलेख म्हणजे यशवंतरावांचा संकेत मानला. तसा संकेत खरोखर होता की नाही, हा वाद आजही रंगतो; परंतु संपादकाचे मत राजकीय निरोप म्हणून वाचले जावे, ही त्या संपादकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने अडचणीची गोष्ट आहे. निबंधात हा प्रसंग गौरवाच्या सुरात सांगू नये, एवढी विनंती.

प्रतिसाद (माजी उपसंपादक)

आक्षेप रास्त आहे. तरीही राजकारण्यांशी मैत्री असणे आणि त्यांच्या सांगण्यावरून लिहिणे यांत अंतर आहे. तळवलकरांच्या अग्रलेखांतून सुटलेले सत्ताधारी फारसे आठवत नाहीत.

प्रतिसाद (इतिहासाची विद्यार्थिनी)

मला 'सत्तांतर'विषयी थोडे लिहायचे आहे. मराठीत या विषयावर इतका सलग आणि वाचनीय मजकूर दुर्मीळ आहे, हे मान्यच. मात्र ज्या कागदपत्रांचा त्याला मोठा आधार आहे, ती मुख्यतः व्हाइसरॉय, भारतमंत्री आणि लंडनचे मंत्रिमंडळ यांच्यातील पत्रव्यवहाराची आहेत. साहजिकच वाटाघाटींची मेजे ठळक दिसतात आणि रस्त्यावरचे, गावागावांतले राजकारण फिके पडते. नामदारांच्या, म्हणजे नेमस्तांच्या परंपरेविषयी त्यांना असलेली आस्थाही येथे लक्षात घ्यावी लागेल. निवृत्तीनंतर त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र इंग्रजीत आणि 'नेक नामदार गोखले' हे मराठीत लिहिले, हा योगायोग नव्हे. चर्चेने, सनदशीर मार्गाने चालणारे राजकारण त्यांना जवळचे होते. जमावाच्या राजकारणाविषयी त्यांना संशय असे.

निबंधासाठी आधी 'नौरोजी ते नेहरू' वाचावे, कारण त्यात त्यांची ही दृष्टी लवकर दिसते, आणि मग 'सत्तांतर'कडे वळावे. अमेरिकेत ह्यूस्टनला राहायला गेल्यावरही ते 'साधना' साप्ताहिकात लिहीत असत. ते लेख त्यांच्या आधीच्या अग्रलेखांशेजारी ठेवून वाचले, तर संपादकाची खुर्ची सुटल्यावर त्यांच्या लेखनात काय बदलले आणि काय बदलले नाही, हे तपासता येईल.