सेवक होऊन पुढारपण करणं फक्त ख्रिस्तापाशीच शिकता येतं का?

सातारकर मास्तर
परवा 'तरुणसंघ' यांनी पाचगणीच्या युवक शिबिराबद्दल लिहिलं. चर्चच्या पाळकांनी गुडघ्यांवर बसून पोरांचे पाय धुतले, कमरेच्या टॉवेलनं पुसले, पोरं रडली. तिथपर्यंत वाचून बरंच वाटलं. पण शेवटी त्यांनी लिहिलं, "आपल्या समाजाला राजा आणि रयत एवढंच कळतं. सेवक होऊन पुढारपण करणं ख्रिस्ताशिवाय कुठे शिकायला मिळत नाही." साताऱ्यात राहून माणूस असं लिहितो याचा संताप आला, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

धनिणीच्या बागेतलं बोर्डिंग माहीत नाही असा सातारकर असेल का? कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे आपल्या अण्णांनी, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला कोल्हापूरच्या छत्रपती शाहूंचं नाव दिलं. पोरांनी कष्ट करून शिकायचं आणि अण्णांनी त्यांच्यासाठी गावोगाव धान्य मागत हिंडायचं. माझे वडील अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढले म्हणून आमच्या घरात पुस्तकं आली. अण्णा जन्मानं जैन. त्यांना हे कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं.

तरुणसंघ
मास्तर, कर्मवीरांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पण आज आजूबाजूला काय दिसतं? आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेत अध्यक्ष आले की शिक्षक रांगेनं पाया पडतात. अण्णांचा फोटो मागच्या भिंतीवर असतोच. एक थोर माणूस होऊन गेला म्हणजे समाज शिकला, असं होत नाही.

आमच्याकडे ते एका माणसाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही, ती आज्ञा आहे. बायबलात योहानाचा तेरावा अध्याय काढून बघा. सगळं आपल्या हाती दिलेलं आहे हे येशूला ठाऊक होतं आणि ते ठाऊक असतानाच तो जेवणावरून उठला, कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्या बारा शिष्यांत यहूदा होता. घात करणार हे माहीत असून त्याचेही पाय धुतले. विरोधकाचे पाय धुणारा पुढारी मला साताऱ्यात नाहीतर सांगलीत दाखवा, मी माझं वाक्य पुसतो.

वाळव्याचा गडी
मी पुण्यात कंपनीत आहे. आमच्याकडेही हेच ट्रेनिंग झालं. रॉबर्ट ग्रीनलीफ म्हणून टेलिफोन कंपनीत नोकरी केलेला अमेरिकन होता, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. त्यानं १९७० साली सेवक होऊन पुढारपण करण्याचा हा विचार मॅनेजमेंटवाल्यांपुढे मांडला. ट्रेनिंगच्या दिवशी आमच्या साहेबांनी स्वतः सगळ्यांना चहा दिला. त्याच तिमाहीत निम्मी टीम घरी पाठवली. त्यामुळे पाय धुण्याचं मला कौतुक नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीत छातीएवढ्या पाण्यात लोकांना खांद्यावर घेऊन बाहेर काढणाऱ्या पोरांनी कुठलं शिबिर केलं होतं?

निवृत्त सिस्टर, मिरज
मी मिशनच्या दवाखान्यात शिकले आणि आयुष्यभर वॉर्डात उभी राहिले, म्हणून बोलते.

मिशनच्या वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला. पुढे त्यांना सर हा किताब मिळाला, वानलेसवाडीला त्यांचं नाव लागलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी. त्यांनी इथल्याच पोरांना वैद्यकी शिकवली आणि आपल्याशिवाय काम चालेल अशी माणसं तयार केली. आमची पहिली मेट्रन त्याच वळणाची. कुष्ठरोग्याची जखम नव्या मुलीला धुवायला सांगण्याआधी ती स्वतः धुवायची, आम्ही बाजूला ट्रे धरून उभ्या. बेडपॅन उचलताना तिचा चेहरा कधी बदलला नाही. तिला एका शब्दानं उलट बोलायची आमची हिंमत नव्हती आणि ते भीतीपोटी नव्हतं.

आता दुसरी बाजू. पुढे मी एका ट्रस्टच्या दवाखान्यात होते. पगार महिनोन् महिने लांबायचा. विचारायला गेलो की आधी प्रार्थना व्हायची, मग सांगायचे, "ही नोकरी नाही, सेवा आहे." सांगणाऱ्यांचा पगार वेळेवर होत होता. माझ्या मुलाची फी भरायला मी बांगड्या गहाण टाकल्या. येशू टॉवेल घेऊन उठला तेव्हा सगळ्यांत वरच्या जागेवरून उठला. जी आधीच खाली बसून जखम धुतेय तिला आणखी खाली बस म्हणायला या वचनाचा उपयोग करू नका.

सातारकर मास्तर
सिस्टर, शंभर टक्के. हेच मी म्हणत होतो.

निवृत्त सिस्टर, मिरज
नाही मास्तर, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही अण्णांचं लिहिलंत. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले, त्यांचं नावही तुमच्या लिहिण्यात नाही. चर्चची मंडळी असो की संस्था, पुढारपण पुरुषाचं आणि दागिने बाईचे.

तरुणसंघ
सिस्टर, वडीलधाऱ्या आहात म्हणून ऐकून घेतो. पण घरातली धुणी चारचौघांत आणून मंडळीची बदनामी कशाला? आधीच लोक टपून बसलेत.

निवृत्त सिस्टर, मिरज
बदनामी पगार थकवणाऱ्यांनी केली. आणि मला एक सांगा, तुमच्या पाचगणीच्या शिबिरात पाय धुवून झाल्यावर ताटं कुणी धुतली?

कृष्णाकाठ
एवढं सगळं बोललात, पण या सेवेमागे धर्मांतर होतं ते कुणीच बोलत नाही. फुकट औषध आणि पाठोपाठ बायबल.

निवृत्त सिस्टर, मिरज
माझी आजी बाळंतपणात अडली तेव्हा तिला हात लावायला गावातलं कोण पुढे आलं नाही, ते आमच्या घरात अजून सांगतात. ज्यांनी हात लावला त्यांच्या पुस्तकात काय आहे, हे तिला बघावंसं वाटलं. मी तेवढंच सांगेन.

वाईकर
मिशनऱ्यांची बाजू घेत नाही, पण ना. वा. टिळकांना कुणी औषधाच्या बाटलीवर बाटवलं नव्हतं. १८९५ साली स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण कवी. तो १९१७ साली मिशन सोडून कुठे आला? साताऱ्यात. इथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. तरुणसंघ, 'ख्रिस्ताशिवाय कुठेच नाही' हे तुमचं वाक्य टिळकांनी तरी मान्य केलं असतं का? आणि मास्तर, पाय धुण्याला तुम्ही शिबिर म्हणून बाजूला सारता. टिळकांनी त्याच ख्रिस्तापायी घरदार, जात, मानमरातब सगळं सोडलं, तेही साताऱ्याच्याच खात्यावर जमा करा.

सातारकर मास्तर
टिळकांचा मुद्दा घेतो. एका टिळकांवरून सगळ्या मिशनला प्रमाणपत्र मिळत नाही, एवढं मात्र लिहून ठेवा. अण्णांच्या लक्ष्मीबाईंचं नाव मी यापुढे आधी घेईन. सिस्टरांनी सांगितलं म्हणून, बाकी कुणी सांगितलं म्हणून नाही.

तरुणसंघ
'कुठेच नाही'च्या जागी 'मला दुसरीकडे शिकायला मिळालं नाही' असं करतो. त्यापुढे एक पाऊल सरकणार नाही. यहूदाचे पाय धुणारा अजून कुणी दाखवलेला नाही.

सिस्टर, ताटं स्वयंपाकाला आलेल्या मावश्यांनी धुतली. पाळकांना विचारतो. पुढच्या वेळी पाय धुण्याच्या विधीला त्यांनाही पहिल्या बाकावर बसवू.

निवृत्त सिस्टर, मिरज
बाकावर बसवून काय करू? त्यांची मजुरी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. भांड्यांच्या पाळीचा कागद दारावर लावा. वर पाळकांचं नाव, खाली मंडळीच्या पंचांची, मग तुमचं. जानेवारीच्या शिबिराला मी येतेय, कागद बघायला.