मदत हवी आहे : कोरडवाहू गावांतील महिलांच्या आहाराची नोंद कशी ठेवावी?

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या कोरडवाहू भागातील आमच्या बचत गटाला महिलांच्या आहाराची नोंद ठेवायची आहे. त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

परतीचा पाऊस हुकला की काळ्या रानातली मालदांडी ज्वारी भरत नाही, भाकरीबरोबर कडबाही जातो, जनावरे विकावी लागतात, घरातले दूध आटते आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी, शेंगाचटणी व तळाचे पातळ कालवण उरते. त्याच दिवसांत तिच्या पाण्याच्या खेपा मात्र वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर पीक बुडाल्याची भरपाईही तिच्या हाती पडत नाही. मला हेच कळीचे दुखणे वाटते.

घरच्यांसमोर विचारले तर बायका "पोटभर जेवले" एवढेच सांगतात. मग प्रश्न कसे आणि केव्हा विचारावेत? सांडपाण्यावरची परसबाग ऐन उन्हाळ्यात कोणी टिकवली आहे का, आणि तिच्यात शेवग्याखेरीज काय तगले? अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.