गाडीतली बटणं काढून सगळं स्क्रीनवर टाकलं, हे बरोबर झालं का?

चाकोरीबाहेर:
माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी चालू असताना जे जे लागतं ते रस्त्यावरची नजर न हटवता हाताला सापडलं पाहिजे, आणि सपाट काचेवर बोटाला काहीही सापडत नाही. वायपर, काचेवरचं धुकं घालवायचा पंखा, एसीचं तापमान, आवाज, हजार्ड लाइट (धोका दाखवायला एकदम लुकलुकणारे चारही दिवे), एवढ्यांना तरी खरं बटण किंवा नॉब हवाच.

2022 मध्ये 'वी बीलॅगारे' या स्वीडिश मासिकाने याची सरळ चाचणी घेतली होती. 11 नव्या गाड्या आणि सोबत 2005 ची एक जुनी व्होल्वो व्ही 70, वेग ताशी 110 किलोमीटर, आणि कामं अगदी रोजची, म्हणजे सीट गरम करणं, तापमान दोन अंशांनी वाढवणं, रेडिओवर ठरावीक स्टेशन लावणं, ट्रिप मीटर शून्यावर आणणं अशी. जुन्या व्होल्वोत हे सगळं 10 सेकंदांत उरकलं, तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. सगळ्यात मागे राहिली ती एमजी मार्व्हल आर, तिला लागले 44.9 सेकंद आणि 1,372 मीटर! जवळजवळ दीड किलोमीटर माणूस अर्धा रस्त्यावर आणि अर्धा स्क्रीनवर. आणि हो, चालवणाऱ्यांना आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता, त्यामुळे 'नवीन गाडी होती म्हणून' हे कारण चालणार नाही.

पिक्सेलवाला:
चाचणी मलाही माहितीये, पण तुम्ही तिच्यातला अर्धाच भाग सांगितलात. त्याच यादीत व्होल्वोची सी 40 होती, ती बऱ्यापैकी स्क्रीनवरच चालते, आणि तिला लागले 13.7 सेकंद. म्हणजे 2005 च्या बटणवाल्या गाडीपेक्षा चार सेकंदही जास्त नाहीत. उलट बीएमडब्ल्यू आयएक्समध्ये बटणंही आहेत, स्क्रीनही आहे, तिला 30.4 लागले. मग दोष काचेचा कसा? दोष मेनूच्या आत मेनू लपवणाऱ्यांचा आहे. मी स्वतः स्क्रीनची मांडणी करण्याचं काम करतो म्हणून ठामपणे सांगतो, की मोठं, कायम एकाच जागी असणारं, एका टॅपमध्ये चालणारं चिन्ह दिलं तर बराचसा प्रश्न सुटतो.

शिवाय बटणांचा तो जुना काळ एवढा काही गोड नव्हता हो. एकसारखी दिसणारी तीस-चाळीस बटणं, त्यावर मुंगीएवढी चिन्हं, रात्री कुठलं कशाचं ते कळायचं नाही. स्क्रीनवर अक्षर मोठं करता येतं, भाषा बदलता येते. ज्यांची नजर वयाने कमी झालीये त्यांना विचारा.

लांबचापल्ला:
+1 चाकोरीबाहेर.
एका टॅपमध्ये चालणारं चिन्ह म्हणता, पण तो टॅप खडबडीत रस्त्यावर करून बघा. मी काय करतो सांगू, करंगळी आणि अनामिका स्क्रीनच्या कडेला टेकवतो, मग मधलं बोट पुढे नेतो, तेवढ्यात गाडी खड्ड्यात आपटते आणि बोट शेजारच्या चौकोनावर पडतं, मग आता काय चालू झालं ते बघायला परत नजर खाली, मग ते बंद करायला परत टॅप. नॉबवर हात ठेवला की गाडी कितीही उडू दे, हात नॉबलाच धरून असतो, आणि फिरवताना टक टक जाणवतं की दोन घरं पुढे गेलो. हे कितीही चांगलं डिझाइन केलं तरी काच देऊ शकत नाही.

निशाचर:
तुम्ही दोघंही जुन्याच गोष्टीवर भांडताय असं मला वाटतं. बोलून काम होतं की आता. 'तापमान 24 कर' म्हटलं की झालं, ना हात हलवायचा ना नजर. दोन-तीन वर्षांत बटण काय आणि टॅप काय, दोन्ही लागणार नाहीत.

लांबचापल्ला:
@निशाचर, मागे लेकरू रडतंय, काचा खाली आहेत, आणि आपला उच्चार त्या यंत्राच्या डोक्यात बसत नाही, अशा वेळी तेच वाक्य तीनदा ओरडून सांगायचं? समोरची काच आतून पांढरी झाली की मला वाक्य जुळवायला वेळ नसतो, पंखा आत्ता सुरू व्हायला हवा. आवाज जोडीला असू दे, माझी हरकत नाही, पण तो एकमेव मार्ग नको.

पानापक्कड:
मी सुट्या भागांच्या धंद्यात आहे, थोडं आतलं सांगतो. स्क्रीन आला तो आधुनिकतेसाठी आला असं कंपन्या सांगतात, पण प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, आतला स्विच लागतो, हजारो वेळा दाबून टिकतंय का ते तपासावं लागतं, आणि एक बटण वाढवायचं ठरलं तर अख्खं पॅनेल बदलतं. स्क्रीन तर मागचा कॅमेरा आणि नकाशासाठी तसाही बसवायचाच असतो. (अमेरिकेत तर मे 2018 पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचाच आहे.) मग सगळं त्यातच कोंबलं की पैसे वाचतात. वाचवा ना, पण त्याला ग्राहकाची सोय म्हणू नका.

आणि कंपन्या स्वतःच मागे फिरतायत हे कुणी बोलत नाहीये. फोक्सवागनने आवाज आणि तापमानासाठी बोट सरकवायच्या पट्ट्या दिल्या होत्या, त्यांना आत दिवासुद्धा नव्हता, रात्री चाचपडायचं. 2025 मध्ये त्यांचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी जाहीर सांगितलं की आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हजार्ड लाइट यांची बटणं यापुढे स्क्रीनखाली असणारच. होंडाने तर आवाजाचा नॉब कधीच परत आणला.

चाकोरीबाहेर:
@पिक्सेलवाला, सी 40 चा मुद्दा मान्य, चांगल्या मांडणीने फरक पडतो. पण 13.7 सेकंद ही स्क्रीनची सगळ्यात चांगली बाजू झाली, आणि ती सुद्धा 2005 च्या गाडीला गाठत नाही. आपण सतरा वर्षं पुढे येऊन एवढंच मिळवलं का?

आणि हा प्रश्न गाड्यांपुरता नाही. 21 ऑगस्ट 2017 ला सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅक्केन' ही अमेरिकी युद्धनौका तेलवाहू जहाजावर आदळली, 10 नौसैनिक गेले. सुकाणू आणि इंजिनाचा ताबा टचस्क्रीनवर होता, तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर देताना गोंधळ झाला, आणि सुकाणू नेमकं कोणाकडे आहे हेच कळेना. 2019 मध्ये नौदलाने हाताने ढकलायचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारे दांडे, परत बसवायचं ठरवलं. प्रशिक्षित खलाशांची ही गत, तर ऑफिसातून दमून घरी निघालेल्या माणसाकडून काय अपेक्षा करायची?

पिक्सेलवाला:
त्या अपघाताचं नाव अशा वादात नेहमी निघतं, म्हणून नीट सांगतो. चौकशी अहवालात नौदलाच्या देखरेखीचा अभाव, अपुरं प्रशिक्षण आणि ब्रिजवरच्या (जहाज जिथून चालवतात त्या खोलीतल्या) कामाच्या कच्च्या पद्धती हे मुख्य कारण दिलंय. यंत्रणेच्या रचनेवरही ठपका आहे, ते मी नाकारत नाही, पण दहा जणांच्या मृत्यूचं खापर नुसत्या काचेवर फोडणं त्या अहवालाला धरून नाही. शिकवलंच नाही तर पितळी दांड्यांनीही जहाज आदळेल.

निशाचर:
@पिक्सेलवाला बरोबर. दर वेळी नवीन आलं की जुनंच भारी.

पानापक्कड:
@निशाचर, जुनं भारी असं कोणी म्हणतच नाहीये. 1986 मध्ये ब्युइक रिव्हिएरात टचस्क्रीन होता, काही वर्षांतच काढला, म्हणजे स्क्रीनही काही कालचा नाही. प्रश्न एवढाच की बिघडलं तर किती बिघडतं. 2021 मध्ये टेस्लाने सुमारे 1,35,000 मॉडेल एस आणि एक्स परत बोलावल्या, कारण आतली 8 जीबीची मेमरी सतत लिहून लिहून झिजत होती. ती गेली की स्क्रीन गेला, स्क्रीन गेला की मागचा कॅमेरा गेला आणि काचेचं धुकं घालवायची सेटिंगही गेली. नॉब तुटला तर एक नॉब तुटतो, बाकी गाडी तशीच चालते.

चाकोरीबाहेर:
हाच मुद्दा मला हवा होता. आणि कायदाही आता चालकालाच धरतो. 2020 मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहच्या न्यायालयाने एका टेस्ला चालकाचा 200 युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायची बंदी कायम केली, कारण भर पावसात वायपरचा वेग स्क्रीनवर बदलताना त्याची गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. वायपर स्क्रीनवर टाकला कंपनीने, दंड भरला त्याने. निदान गाड्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने जानेवारी 2026 पासून इंडिकेटर, हजार्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटण किंवा दांडा नसेल तर गुण कापायचं ठरवलंय. माझं म्हणणं त्या यादीत धुक्याचा पंखा आणि तापमान पण घाला.

पिक्सेलवाला:
पंखा घाला, मी सही करतो. तापमानाला विरोध आहे, ते स्क्रीनवर कायम दिसत राहिलं तर पुरे. त्यापेक्षा सेकंदांची अट घाला ना. अमेरिकेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एका वेळी 2 सेकंदांहून जास्त नजर रस्त्यावरून हटायला नको आणि पूर्ण कामाला एकूण 12 सेकंदांहून जास्त नको असं आहे, पण ते पाळायची सक्ती कुणावरच नाही. ते सक्तीचं करा, प्रत्येक मॉडेलचा आकडा शोरूममध्ये काचेवर चिकटवा, मग त्या आकड्यात बसायला बटण लावायचं की चांगला स्क्रीन करायचा ते कंपनी बघेल.

लांबचापल्ला:
ताशी 110 ला 2 सेकंद म्हणजे 61 मीटर. ती सूटसुद्धा मला जास्तच वाटते. आकडा चिकटवायला माझी ना नाही, पण खड्ड्यातून जाताना मोजलेला चिकटवा, गुळगुळीत धावपट्टीवरचा नको.