सह्या सरकारांच्या, नियम कोणाचे?

मृण्मयी_वाचते

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. परवा सेमिनारमध्ये मी म्हटलं की पर्यावरण आणि अर्थव्यवस्थेच्या जागतिक कारभारात राज्येतर घटक, म्हणजे कंपन्या, बिगरसरकारी संस्था वगैरे, आता स्वतः नियम करतात. मॅडमनी तिथेच थांबवलं. "करार सरकारं करतात. बाकीचे निवेदनं देतात, दबाव आणतात. नियम करणं ही वेगळी गोष्ट." मला उत्तर सुचलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ७१ वं कलम वाचलंय, पण तिथेही बिगरसरकारी संस्थांशी सल्लामसलत करता येईल, एवढंच म्हटलंय. सरकार नसलेल्या कोणीतरी लिहिलेला आणि जगाने पाळलेला नियम दाखवता येईल का? लांबलचक यादी नको. एखादंच उदाहरण मुळापासून समजून घ्यायचंय.

तळटीप

तुमच्या मॅडमचं अर्धं बरोबर आहे. संस्थांची ताकद मला तरी जास्त करून अडवण्यात दिसते. १९९५ पासून ओईसीडीत, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेत, बहुपक्षीय गुंतवणूक कराराच्या वाटाघाटी चालू होत्या. परदेशी गुंतवणूकदाराला थेट सरकारवर दावा लावता यावा, अशी त्यात तरतूद होती. १९९७ मध्ये मसुदा फुटला, तो इंटरनेटवर फिरला आणि पर्यावरणवादी, कामगार संघटना, ग्राहक गट सगळे एकत्र आले. ऑक्टोबर १९९८ मध्ये फ्रान्स बाहेर पडला आणि वर्ष संपायच्या आत सगळं गुंडाळलं गेलं. मोठा विजय होता तो. पण अडवणं म्हणजे नियम करणं नव्हे.

जुना_ऑडिटर

मृण्मयी, असा नियम दाखवता येईल. मी पंधरा वर्षं आयएसओ १४००१ ची, म्हणजे कारखान्यांच्या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाची, ऑडिटं केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिनिव्हातली आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संघटना १९४७ पासून आहे. ती सरकारांची संघटना नाही आणि तिच्यामागे देशादेशांतला कुठलाही करार नाही. प्रत्येक देशाची एक मानक संस्था तिची सदस्य असते. त्यातल्या काही सरकारी असतात, काही पूर्ण खासगी. मसुदा लिहिणाऱ्या समित्यांमध्ये कंपन्यांचे तज्ज्ञ आणि सल्लागार भरपूर असतात, कारण प्रवासाचा खर्च आणि वेळ त्यांनाच परवडतो. तिथे जे ठरतं ते 'ऐच्छिक' म्हणायचं. आता जागतिक व्यापार संघटनेचा व्यापारातल्या तांत्रिक अडथळ्यांचा करार काढा, कलम २.४. देशाला तांत्रिक नियम करायचा असेल आणि त्या विषयाचं आंतरराष्ट्रीय मानक असेल, तर तेच आधाराला घ्यायचं. ते निष्प्रभ किंवा गैरलागू असेल तरच सुटका. म्हणजे करारावर सही सरकारांचीच, पण ज्या मजकुराला त्या सहीचं बळ मिळतं तो दुसऱ्याच खोलीत लिहिलेला. हिशेबाच्या मानकांचंही तेच. २००५ पासून युरोपीय संघातल्या शेअर बाजारातल्या कंपन्यांना आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांप्रमाणे एकत्रित ताळेबंद मांडावा लागतो. संघ प्रत्येक मानकाची छाननी करतो हे खरं, पण ते लिहिलं जातं लंडनच्या एका खासगी मंडळात.

'मुळापासून' म्हणालात, म्हणून १४००१ च्या आत काय आहे तेही सांगतो. १९९६ मध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. पाण्यात किंवा हवेत किती घाण सोडायची याचा एकही आकडा त्यात नाही. धोरण लिहा, लागू कायद्यांची नोंद ठेवा, उद्दिष्टं ठरवा, नोंदी ठेवा, सुधारत राहा, असं ते सांगतं. ऑडिटर या व्यवस्थेची तपासणी करतो. आयएसओ स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या आणि त्यांची फी भरतो तपासला जाणारा कारखाना.

एका ठिकाणी घातक कचरा उचलल्याच्या पावत्या अगदी व्यवस्थित लावलेल्या होत्या. मी वजनकाट्याचं रजिस्टर मागवलं. ज्या दोन दिवशी पिंपं वजन करून बाहेर गेली म्हणून पावत्या होत्या, त्या दिवशी काटा दुरुस्तीसाठी बंद होता. मी मेजर एनसी, म्हणजे मानक न पाळल्याचा गंभीर शेरा, लिहिली. क्लोजिंग मीटिंगमध्ये कोणी आवाज चढवला नाही, चहासुद्धा आला. पुढच्या फेरीला त्यांनी प्रमाणपत्र देणारी संस्था बदलली. तसं करायची त्यांना पूर्ण मुभा होती, कुठलाही नियम त्यांनी मोडला नाही. मला अजून त्रास होतो तो याच गोष्टीचा.

म्हणून माझं म्हणणं असं की राज्येतर घटक नियम करतात की नाही, हा वाद कधीच निकालात निघालाय. करतात. त्यांच्या नियमाविरुद्ध दाद कोणाकडे मागायची, हे विचारा. सरकार चुकलं तर निदान कोर्ट असतं, निवडणूक असते.

तळटीप

मान्य. माझं 'जास्त करून' मागे घेतो. पण मग जंगलं आणि लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या व्यवस्थेचं, एफएससीचं काय? तिथे कंपन्या एकट्या नाहीत.

जुना_ऑडिटर

बरोबर, तिची घडणच वेगळी आहे. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांवर बंधनकारक करार झाला नाही, सरकारं एकमेकांकडे बघत राहिली. पुढच्याच वर्षी पर्यावरण संस्था, लाकूड व्यापारी आणि आदिवासींचे प्रतिनिधी यांनी एफएससी उभी केली. सभेत पर्यावरण, सामाजिक आणि आर्थिक अशी तीन दालनं, तिघांचं मत सारख्या वजनाचं. प्रत्येक दालनात पुन्हा उत्तर आणि दक्षिण, म्हणजे श्रीमंत आणि विकसनशील देश, निम्मे निम्मे. नुसत्या पैशाच्या जोरावर तिथे ठराव रेटता येत नाही. मात्र तपासणीची फी तिथेही जंगलवालाच भरतो.

खाडीकाठ

एक वेगळी वाट सांगते. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशात साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. त्यांना स्वतःला ते दार बंदच होतं. म्हणून त्यांनी बेटांच्या सरकारांना पत्रं लिहिली, वानुआतूच्या सरकारने प्रश्न उचलला आणि २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने न्यायालयाचं मत मागणारा ठराव एकमताने केला. २३ जुलै २०२५ ला मत आलं. आपल्या हद्दीतल्या खासगी कंपन्यांच्या उत्सर्जनावर नियंत्रण ठेवण्यात हयगय केली तर ती राज्याची जबाबदारी ठरू शकते, असं त्यात आहे. हे मत बंधनकारक नसतं, तरी ते वाचताना मला भरून आलं होतं. जुना_ऑडिटर, तुम्ही विचारताय ती दाद मागायची जागा मला इथे दिसते. सरकार बाजूला सारून नाही, त्यालाच कामाला लावून.

मृण्मयी_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडमना कलम २.४ आणि एफएससीची दालनं दोन्ही दाखवणार आहे. ऑडिटर काका, एकच विचारते. त्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या कोणाला तुमचा अहवाल वाचता आला असता का?

जुना_ऑडिटर

नाही. एफएससीच्या जंगल तपासणीचे सारांश सार्वजनिक असतात, कोणीही उघडून वाचावेत. १४००१ चा अहवाल मात्र ऑडिट करवून घेणाऱ्याचा, गोपनीय. नाल्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या एका बाईंनी त्याच दिवशी मला फाटकाबाहेर गाठलं होतं. आत काय सापडलं, एवढंच त्या विचारत होत्या. मी त्यांना प्रमाणपत्राचा नंबर लिहून दिला. तेवढंच देता येत होतं.